खात्री थोडी, माया फार

टिटवाळ्यात वाढलेल्या मुलीला विस्मरणाची गोष्ट अक्षरओळखीच्या आधी ठाऊक होते. महागणपतीच्या रांगेत उभं असताना कुणीतरी मोठं माणूस ती सांगतंच. इथे, काळू नदीच्या काठी, कण्व ऋषींचा आश्रम होता. इथेच शकुंतला वाढली. दुष्यंत तिला विसरला, तेव्हा कण्वांनी तिला गणपतीची आराधना करायला सांगितली आणि तिचा मोडलेला संसार पुन्हा उभा राहिला. म्हणून लग्न जुळावं, तुटलेलं सांधलं जावं, यासाठी लोक इथे येतात. अंगारकीला तर आदल्या रात्रीपासून रांग लागते. हातात जास्वंदीचा हार, दुर्वांची जुडी आणि मनात एक मागणं. ही गोष्ट ऐकताना मला लहानपणापासून एकच प्रश्न पडायचा. जिवाभावाचं माणूस कुणी विसरतं कसं?

हा प्रश्न रीतसर वर्गात बसून विचारता येतो, हे कळलं अकरावीत. कल्याणच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला प्रवेश घेतला आणि विषयांच्या यादीत ‘मानसशास्त्र’ या शब्दासमोर खूण केली. त्या संध्याकाळी आत्या घरी आली होती. “अगं, मानसशास्त्र घेऊन करणार काय? वेड्यांना शिकवणार का?” तिने विचारलं. शेजारच्या काकूंनी जोड दिली, “म्हणजे ठाण्याला नोकरी पक्की!”

ठाण्याला १९०१ साली मनोरुग्णालय उभं राहिलं, आणि पुढे आमच्या या सगळ्या पट्ट्यात ‘ह्याला ठाण्याला न्यायला पाहिजे’ हे वाक्य भांडणात, चेष्टेत, मुलांना दटावण्यात रुळून गेलं. रोज हजारो माणसं लोकलने ठाण्याला उतरतात, कामाला जातात, संध्याकाळी परत येतात. पण त्याच गावाचं नाव एका विशिष्ट सुरात घेतलं की ऐकणारा खजील होतो. आईने काही वाद घातला नाही. फॉर्मवर सही केली आणि म्हणाली, “शिकू दे तिला. मन तर प्रत्येकालाच आहे.”

पहिल्याच आठवड्यात मानसशास्त्राच्या मॅडमनी १८७९ हे साल फळ्यावर लिहिलं. त्या साली जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी मनाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. त्यानंतर अवघ्या ३७ वर्षांनी, १९१६ मध्ये, कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. मन मोजायचं, तेही घड्याळ लावून! देवळातला देव आणि छातीतलं मन, या दोन्ही गोष्टी मी तोवर हात जोडूनच ऐकल्या होत्या. त्यातल्या एकीकडे डोळे उघडे ठेवून पाहायचं असतं, हे माझ्यासाठी अगदी नवं होतं.

स्मृतीचा धडा सुरू झाला तेव्हा मॅडमनी विचारलं, “कुणाला एखादी जुनी गोष्ट नीट येते?” मी शकुंतलेची सांगितली. पण सगळ्यांना नाही, फक्त पहिल्या बाकावरच्या मुलीला, तिच्या कानात. तिने ती मागच्या मुलीला सांगायची, तिने पुढच्या मुलाला, असं करत गोष्ट वर्गभर फिरली. शेवटच्या बाकावरच्या मुलाने उभं राहून सांगितली तेव्हा दुर्वासांचा शाप गळून गेला होता, कण्व शकुंतलेचे वडीलच झाले होते, अंगठी मात्र शाबूत होती, आणि कोळ्याला सापडलेला मासा चांगलाच मोठा झाला होता. सगळे हसले. मग मॅडमनी फ्रेडरिक बार्टलेट यांचं नाव सांगितलं. केंब्रिजला त्यांनी विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. ऐकणाऱ्याच्या जगात न बसणारे तपशील दर खेपेला कमी होत गेले, उरलेले त्याच्या ओळखीच्या जगासारखे होत गेले. १९३२ साली त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडलं. आठवताना माणूस कपाटातून ठेवलेली वस्तू काढत नाही, तो ती दर वेळी नव्याने घडवतो, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात आमच्या गावची गोष्ट उलगडू लागली. महाभारतातला दुष्यंत काही विसरलेला नसतो. त्याला सगळं आठवत असतं, तरी भरसभेत तो शकुंतलेला ओळख देत नाही. आकाशवाणी झाल्यावर मग कबूल करतो. हे दुखणं कालिदासाला सोसवलं नसावं. त्याने आपल्या नाटकात शाप आणला, अंगठी आणली आणि राजाच्या खोटेपणाचं रूपांतर विस्मरणात केलं. पुढे टिटवाळ्याच्या लोकांनी त्या गोष्टीत गणपती आणला, आणि टाकलेल्या बाईच्या हाती करण्याजोगं काहीतरी दिलं. एकच गोष्ट तीन वेळा घडवली गेली, आणि दर वेळी ती घडवणाऱ्यांच्या मनाला काय हवं होतं ते त्यात उमटलं. ज्या गोष्टीवर मी लहानपणापासून विश्वास ठेवला, तिच्यावरचा माझा विश्वास यामुळे ढळला नाही. उलट तिच्यात हात घातलेल्या सगळ्या अनोळखी माणसांबद्दल मला आपुलकी वाटू लागली.

स्मृतीच्याच धड्यात हेर्मान एबिंगहाउस होते. या माणसाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेले तीन-तीन अक्षरांचे तुकडे बनवायचे, त्यांच्या याद्या पाठ करायच्या, आणि किती वेळाने किती विसरलं ते नोंदवायचं. १८८५ साली त्यांनी ते छापलं. विस्मरणाचा त्यांचा आलेख सुरुवातीला कड्यासारखा खाली येतो आणि मग सपाटीला लागतो. पाठ केलेलं बहुतेक सगळं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत निसटतं. जे टिकतं ते मग बराच काळ टिकतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या प्रत्येक मुलाने हा आलेख भिंतीला लावावा असा आहे.

मॅडमनी हा प्रयोग घरी करून पाहायला सांगितला. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला ‘प्रयुक्त’ म्हणतात. माझी प्रयुक्त आजी. निरर्थक अक्षरांची यादी मी तिला वाचून दाखवली. तिने चार-पाच तुकडे कसेबसे म्हटले आणि थांबली. “ह्याला काही अर्थच नाही गं, धरायचं कशाला?” ती म्हणाली. आजी कधी शाळेत गेली नव्हती. पण जात्यावरच्या ओव्या, सोळा सोमवारची कहाणी, गावातल्या चार पिढ्यांची नाती, कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, हे तिला एका धाग्यात ओवल्यासारखं मुखोद्गत होतं. एबिंगहाउसना स्मृती शुद्ध स्वरूपात मोजायची होती, म्हणून त्यांनी तिच्यातून अर्थ काढून टाकला. आजीची स्मृती अर्थावरच जगत होती. तो काढल्यावर तिला धरायला काही उरेना. बार्टलेट यांनी जे पुस्तकात लिहिलं ते तिने पाटावर बसून, तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं. वहीत मी तिचे गुण लिहिले. त्याखाली दोन ओळी जास्त लिहिल्या, की ही यादी माझ्या आजीची स्मृती मोजू शकत नाही. मॅडमनी त्या ओळींखाली रेघ मारली आणि बाजूला ‘छान’ लिहिलं. कोणतीही मोजपट्टी हातात घेताना ती काय मोजत नाही हे आधी विचारायचं, ही सवय मला तेव्हापासून लागली.

जाण्या-येण्याची लोकल हाही या अभ्यासाचा एक भाग झाला. टिटवाळा, आंबिवली, शहाड, कल्याण. प्रवास छोटा, पण टिटवाळ्याहून सुटणारी लोकल मिळाली तर बसायला जागा आणि कसाऱ्याहून भरून आलेली असली तर दारातच उभं राहायचं. बायकांच्या डब्यात तेच चेहरे रोज दिसत. खिडकीशी बसून मेथी निवडणाऱ्या एक बाई, चौथ्या सीटवर अर्धं टेकून डोळे मिटणाऱ्या एक नर्स, डब्याच्या पत्र्याला टेकून पोथी वाचणाऱ्या एक आजी. मला त्यांची नावं माहीत नव्हती आणि त्यांना माझं. तरी त्यातलं कुणी दोन दिवस दिसलं नाही तर मन त्या रिकाम्या जागेवर जाऊन येई.

या नात्याला कुणी नाव दिलं असेल असं वाटलं नव्हतं. १९७२ साली अमेरिकेत स्टॅन्ली मिलग्रम यांनी ते दिलं, परिचित अनोळखी. त्यांच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कला कामासाठी जाणाऱ्या लोकांचे रेल्वेच्या फलाटावर फोटो काढले आणि पुढे तेच फोटो प्रवाशांना दाखवून विचारलं, यातले कोण ओळखीचे? ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांच्यापेक्षा नुसत्या चेहऱ्याने ओळखीची माणसं जास्त निघाली. मिलग्रम यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. असा परिचित अनोळखी आपल्या रोजच्या जागेपासून जितका दूर भेटेल, तितकी त्याच्याशी बोलण्याची शक्यता वाढते. हे वाचल्यावर काही महिन्यांनी मावशीला पाहायला मुंबईच्या एका रुग्णालयात गेले होते. तिथल्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये मेथीवाल्या बाई समोरून आल्या. वर्षभर एका डब्यात असून आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, “तुमचं कोण आहे गं इथे?” त्यांचे यजमान आत होते. आम्ही बाकावर शेजारी बसलो. फारसं बोललो नाही, पण त्यांनी हात सोडला नाही. न्यूयॉर्कच्या फलाटावर काढलेल्या फोटोंमध्ये कुणी ही ऊब आधीच पाहून ठेवली होती, याचं मला त्या बाकावरही नवल वाटलं. पुस्तकात आधी वाचलं म्हणून तो स्पर्श उणा झाला नाही. तो एकट्या माझ्या नशिबाचा नव्हता, सगळ्या माणसांचा होता, एवढंच आणखी कळलं.

बारावीच्या वर्षी आमच्या गल्लीतले एक काका घरी बसले. कल्याणच्या आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात कारखाने बंद पडणं नवं नव्हतं, त्यांचाही पडला. पहिले काही महिने ते रोज पाळीच्या वेळेला उठायचे, अंघोळ करून तयार व्हायचे. मग ते थांबलं. पेपर घडी न मोडता पडून राहू लागला. दुपारचं जेवण चार वाजता, कधी नाहीच. ते सावकाश चालायचे, कोपऱ्यावर मध्येच थांबायचे. “आळस चढलाय अंगात. आता वेळच वेळ आहे, तर काहीतरी करावं की माणसाने!” असं जो तो म्हणे.

याच सुमारास मॅडमनी पाठ्यपुस्तकाबाहेरची एक गोष्ट सांगितली. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव आहे. १९३० च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या अभ्यासकांनी त्या गावाची पाहणी केली आणि १९३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची चाल घड्याळ लावून मोजली. बायका झपाझप जात, कारण घरची कामं सुटलेली नव्हती. पुरुष सावकाश चालत आणि पुन्हा पुन्हा थांबत. पुरुषांनी हातात घड्याळ बांधणं सोडलं होतं. आणि वाचायला वेळच वेळ असताना, गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण वाढायच्या ऐवजी खूप घसरलं होतं. काम जातं तेव्हा नुसता पगार जात नाही. दिवसाला असलेली चौकट जाते, चारचौघांतली उठबस जाते, आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत ही जाणीव जाते. रिकामा वेळ अशा माणसाच्या अंगावर येतो.

मी वर्गात बसले होते आणि डोळ्यांपुढे आमचे काका कोपऱ्यावर थांबत होते. त्या रात्री जेवताना मी हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा ऐकत राहिले. पुढच्या आठवड्यात ते काकांकडे गेले आणि गणेशोत्सव मंडळाचे हिशेब तपासायचं काम त्यांच्याकडे सोपवून आले, रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, मंडळाच्या खोलीत बसून. काकांचं सगळं दुःख त्याने संपलं नाही. नोकरीची जागा हिशेबाची वही भरून काढू शकत नाही. पण ते ठरलेल्या वेळी घराबाहेर पडू लागले, हे साऱ्या गल्लीला दिसलं. ‘आळशी’ हा शब्द आमच्या घरात तरी त्यानंतर त्यांच्यासाठी कुणी वापरला नाही.

मानसिक विकारांचा धडा आला तेव्हा वर्गात वेगळंच वारं सुटलं. एकेक लक्षण वाचावं आणि ते आपल्यातच असल्याचं वाटावं. मला चिंता आहे, तुला नैराश्य, तिला धुण्याची सक्ती. मैत्रिणी एकमेकींना नावं वाटू लागल्या. मॅडमनी त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि आल्फ्रेड बिने यांच्याबद्दल सांगितलं. १९०५ मध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली, ती पॅरिसच्या शाळांमधली कोणती मुलं जास्त मदतीला पात्र आहेत हे शोधण्यासाठी. मुलाची बुद्धी कायमची ठरलेली असते, हे बिने यांना मान्य नव्हतं. तीच चाचणी पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला काम करताना मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. पॅरिसच्या मुलाला जे प्रश्न ओळखीचे ते आपल्याकडच्या मुलाला कसे असतील, म्हणून ते इथल्या भाषेत, इथल्या जगण्यात बसवले. ‘बिने-कामत’ या जोडनावाने ती चाचणी आजही वापरात आहे. शिकण्यात अडचण असलेल्या मुलाला सवलत आणि साहाय्य मिळावं यासाठी ती अनेक ठिकाणी घेतली जाते. मॅडम म्हणाल्या, “नाव देण्याचा अधिकार त्यालाच, जो त्यापुढे मदतीला थांबणार आहे.” वर्ग शांत झाला. चेष्टा थांबली. त्या वर्गात अशीही एक मुलगी होती जिला खरोखरच मदत हवी होती. त्या तासानंतर ती मॅडमना एकटी भेटायला गेली, हे तिने मला पुष्कळ पुढे सांगितलं.

मधल्या काळात ठाण्याच्या नावातला तो सूर बदलत गेला. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली. मनाच्या दुखण्याबद्दल मराठीत, साध्या शब्दांत, भरल्या सभागृहात बोलता येतं, हे या भागातल्या माणसांनी तिथे अनुभवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा नागरिकाचा हक्क ठरवला, आणि जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र ताणाखाली आहे असं मानून त्याला शिक्षेऐवजी आधार द्यावा अशी भूमिका घेतली. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची मोफत सेवा मिळते. आता आमच्या गल्लीतली तरुण जोडपी समुपदेशनासाठी डोंबिवलीला, ठाण्याला स्वतःहून जातात आणि ते लपवत नाहीत. ज्या आत्याने मला वेड्यांबद्दल विचारलं होतं, तिनेच नातवाची दहावीची धास्ती पाहून मला फोन केला, “अगं, कुणाकडे न्यावं त्याला? तुला माहीत असेल.” मला माहीत होतं. मी सांगितलं, आणि ती त्याला घेऊन गेली.

मी मानसोपचाराच्या व्यवसायात गेले नाही. वर्गातल्या बहुतेक जणी गेल्या नाहीत. कुणी बँकेत आहे, कुणी शिक्षिका, कुणी घर सांभाळते. म्हणून त्या दोन वर्षांच्या अभ्यासाचं काय झालं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे स्पष्ट उत्तर आहे. सतरावं वर्ष हे जगातल्या सगळ्यात ठाम मतांचं वय असतं. कोण चांगलं, कोण वाईट, कोण आळशी, कोण वेडं, आपल्याला नेमकं काय आठवतं आणि दुसरा कसा खोटं बोलतो, या सगळ्याची तेव्हा पुरेपूर खात्री असते. नेमक्या त्याच वयात या विषयाने मला दाखवलं, की माझे डोळे फसतात, माझी स्मृती घडवून सांगते, माझा राग कधी भुकेतून येतो तर कधी भीतीतून. आणि समोरच्याचंही तसंच असतं. खात्री ओसरली, तिथे माया भरली. तिचा उपयोग मला कामाच्या जागी झाला, लग्नात झाला, आजीच्या शेवटच्या वर्षांत झाला, जेव्हा तिला माझं नाव आठवेना पण मी पहिली ओवी सुरू केली की ती दुसरी म्हणायची.

म्हणून मला मनापासून वाटतं, हा विषय कला शाखेतल्या काहींचा पर्याय एवढाच राहू नये. जो मुलगा अभियंता होणार आहे त्याच्या हाताखाली माणसंच काम करणार आहेत. जी मुलगी हिशेब तपासणार आहे तिलाही एखाद्या संध्याकाळी स्वतःच्या उदास मनासोबत एकटं बसायचं आहे. विज्ञान असो, वाणिज्य असो, अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलाला आठवड्याचे निदान दोन तास मनाचा अभ्यास मिळावा, जाणत्या शिक्षकाकडून, प्रयोग करून, आपल्या भाषेत. आणि ज्या घरात एखादी मुलगी फॉर्मवर या विषयासमोर खूण करते आहे, त्या घरच्यांना माझी विनंती आहे, सही करताना आनंदाने करा. ती जे शिकून येईल त्यातलं पुष्कळसं तुमच्याच वाट्याला येणार आहे.